जुन्या नावांची हजेरी

कुमुद, भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुझी सवय जुनीच. वसतिगृहात असताना रात्रीच्या जेवणाची घंटा झाली की तू ताडकन उठायचीस आणि माझं वाक्य तोंडातच राहायचं. "उरलेलं पोळीबरोबर खा," म्हणायचीस. पण तेव्हा निदान जेवण झाल्यावर तू परत खोलीवर यायचीस आणि मी सुटलेला धागा पकडायचे. आता काय करू? धागा माझ्याच हातात आहे आणि दुसरं टोक ओढायला तू नाहीस.

तू गेल्यापासून मी एका जागी बसत नाही. शाळेत फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालते. मुली विचारतात, "बाई, कोणी यायचंय का?" घरी पोळ्या लाटायला बसते आणि दोन लाटून उठते. तुझा राग येतो, मग रागाचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना तू भेटली नव्हतीस.

विषमज्वर झाला होता हे मला कळलं तेव्हा तू जाऊन दोन दिवस झाले होते. धुळ्याहून चाळीसगावची गाडी, तिथून भडगावची एस. टी., आणि सगळ्या वाटेत मी तुझ्याशी भांडत होते. शेजारच्या बाईनं मला पेरू देऊ केला. तिला वाटलं, बाई उपाशी आहे म्हणून ओठ हलवतेय.

आपलं भांडण कशावर होतं, ते आज कोणाला सांगायला गेले तर हसतील. गुजरातसह द्वैभाषिकात राहायचं की नाही यावर सगळं राज्य भांडत होतं, आणि आपण दोघी पदवीधर बाया कुंकवावर भांडत होतो.

सुरुवात त्या जळगावच्या संमेलनापासून झाली. आपल्या पुण्याच्या कॉलेजच्या खानदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी संघ काढला. पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश, दोन्हीकडची मंडळी. वकील, डॉक्टर, मामलेदार, दोन-चार बागाईतदार. तुझ्या यजमानांना निमंत्रण आलं, "सहकुटुंब". तू कुटुंब म्हणून गेलीस. मला निमंत्रणच नव्हतं, मी तुझ्या पदराला धरून आले. पुरुष दिवाणखान्यात जुन्या प्राध्यापकांच्या नकला करत होते, आणि आपण आतल्या खोलीत सतरंजीवर. मग चिटणीस दारात येऊन तुला म्हणाले, "वहिनी, आमच्या कॉलेजच्या गप्पांत तुम्हाला कंटाळा येत असेल, नाही?"

आमच्या कॉलेजच्या! अगं, हा गृहस्थ आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. तुझ्या टिपणांवर पास झाला होता. त्यानं तुला ओळखलं नाही, कारण त्याला माहीत होती ती कुमुद, आणि समोर बसली होती ती भडगावची सौ. पार्वती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, जुनं पुसलं, संपलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझा हात दाबलास आणि त्याला अगदी गोड हसून म्हणालीस, "छे हो भाऊजी, आम्ही इथं मजेत आहोत."

बाहेर आल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. सांगितलं का नाहीस? तू म्हणालीस, "सांगून काय होणार? त्यानं एक खुर्ची दिली असती. मला एक खुर्ची नको, शकू. मला आपल्या सगळ्या हव्यात. कुठं गेल्या गं सगळ्या?"

तो प्रश्न तुला झोपू देईना. आपल्या वसतिगृहातल्या खानदेशी मुली, ज्या एका टेबलाशी जेवायच्या, ज्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीवर बाकीच्या पोरी हसायच्या आणि मग चोरून खायच्या, त्या सगळ्या लग्न होऊन याच दोन जिल्ह्यांत कुठंतरी आल्या होत्या. पण कोणत्या गावात, कोणत्या नावानं? पुरुषाचं बरं असतं. त्याचं नाव पाटीवर लावलेलं असतं, जन्मभर तेच. आपल्यातली एक माझ्यासारखी बिनलग्नाची सोडली तर कोणाचंच नाव जागेवर नव्हतं. सगळ्यांना सापडेल अशी मी एकटीच, म्हणून तू मला "आपलं टपाल हापीस" म्हणायचीस.

आणि मग तू ती युक्ती काढलीस. लग्न असो, मुंज असो, यात्रा असो, जिथं बायका जमतील तिथं जाऊन उभी राहायचीस आणि मोठ्यानं हाक मारायचीस, "अगं मालती!" किंवा "अगं सिंधू!" कोण वळतंय बघायचीस. चुकीच्याही वळायच्या. एका लग्नात नवऱ्या मुलीची आत्याच वळली आणि तिनं तुला जेवायला बसवून घेतलं. मी म्हणाले, हा काय वेडेपणा! तू म्हणालीस, "नाव पुसलं तरी कान तेच असतात."

मालती तशीच सापडली. नरडाण्याच्या फलाटावर. आपण गाडीची वाट बघत होतो आणि तू उगाच, सवयीनं, हाक मारलीस. पलीकडं डोक्यावरून पदर घेतलेली, कडेवर पोर, सासूच्या मागं चालणारी एक बाई गर्रकन वळली. तिच्या सासूनंही वळून पाहिलं, मालती कोण म्हणून. मालतीनं डोळ्यांनीच नको म्हटलं आणि दुसऱ्या क्षणी रडत येऊन तुझ्या गळ्यात पडली. शिंदखेड्याला दिलेली, सासरचं नाव सरस्वती. जिच्या गणिताच्या वहीवर आपण सगळ्या जगलो, ती बी. ए. झालेली आहे हेसुद्धा तिच्या शेजाऱ्यांना माहीत नव्हतं.

पण सापडल्या तरी जमणार कशा? माजी विद्यार्थिनींचं संमेलन म्हटलं तर एकीलाही उंबरठा ओलांडू दिला नसता. तेव्हा तू म्हणालीस, "संक्रांतीचं हळदीकुंकू. त्याला कोण नाही म्हणणार?" आणि खरंच कोणी नाही म्हटलं नाही. सासवांनी स्वतः नऊवार काढून दिली. भडगावला तुझ्या घरी तिळगूळ झाला, वाण लुटलं. वाण काय, तर शाईच्या पुड्या! तुझ्या सासूबाईंनी, जिजींनी, पुडी नाकाशी धरून विचारलं, "माय वं! हाई काय वाण शे?" तू म्हणालीस, "जिजी, निळं कुंकू." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मागच्या पडवीत निघून गेल्या.

मग तू दार लोटून घेतलंस आणि वसतिगृहाच्या बाई घ्यायच्या तशी हजेरी घेतलीस. तोंडपाठ, खोलीच्या क्रमानं, जुन्या नावांनी. एकेक जण "हजर" म्हणताना आधी हसत होती, नंतर नाही. दिवसभर कोणाची तरी सून, कोणाची तरी वहिनी म्हणवून घेणाऱ्या बाया त्या एका घटकेपुरत्या आपल्या नावाला ओ देत होत्या. कुमुद, तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला की मी तो तुला सांगितला नाही. तू फार चढली असतीस.

आणि तुझं ते हळदीकुंकू नुसतं तिळगुळापुरतं राहिलं नाही. पुरुषांच्या संघात कोणाला कंत्राट, कोणाला जागा, कोणाला अशील मिळत होतं. तू म्हणालीस, आपणही तेच करायचं. "ओळख म्हणजे दोर गं. विहीर ज्याची त्याची, पण दोर कोणाकडून तरी मागावाच लागतो." जळगावच्या मैत्रिणीच्या नणंदेला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवलंस. सिंधूच्या पुतणीला मॅट्रिकला बसू देत नव्हते, तिच्या आजोबांकडे तू एका वाणिणीला पाठवून गळ घातलीस. आणि माझी धुळ्याची नोकरी? शाळेच्या अध्यक्षांच्या बायकोला तू मुद्दाम दोन संक्रांती बोलावलंस, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. मी चिडले. माझ्या गुणांवर मिळायला हवी होती. तू म्हणालीस, "गुण तुझेच आहेत, पण ते कपाटात होते. मी फक्त किल्ली फिरवली." 

मग मालतीचा नवरा गेला. शेतात विहिरीचं काम चालू असताना. मालती पस्तिशीचीही नव्हती.

पुढच्या संक्रांतीला मी तुझ्याकडे आले, आणि मालती नव्हती. मला वाटलं, गाडी चुकली असेल. तुला विचारलं, तर तू करंड्यातलं कुंकू नीट करत बसलीस. वर बघितलं नाहीस. मग कळलं की तिला बोलावणंच गेलं नव्हतं. हळदीकुंकू म्हणजे हळदीकुंकू, तिथं मालतीला कोणत्या तोंडानं बोलवायचं? हजेरीत तू तिचं नाव गाळून पुढं गेलीस. मी तिथंच उठले, चप्पल घातली आणि स्टँडवर जाऊन बसले. तुझा तिळगूळ माझ्या हातात होता, तो मी स्टँडवरच्या गाईला दिला.

तेव्हापासून आपलं भांडण. भेटलो की भांडण, पत्र लिहिलं की भांडण. मी म्हणायचे, या कुंकवाच्या आडोशानं आपण जमतो हाच मुळात भित्रेपणा आहे, आणि आडोसाच असा निवडलास की ज्या मैत्रिणीला आपली सर्वांत जास्त गरज तिलाच तो बाहेर ठेवतो. उघड सांग ना सगळ्यांना, हे कॉलेजातल्या मुलींचं संमेलन आहे! तू म्हणायचीस, "उघड सांगितलं तर मालतीही येणार नाही आणि बाकीच्याही. तुला काय, तुला विचारायला घरात कोणी नाही." ते मला लागलं. ते खरंही होतं आणि लागलंही. मी म्हणाले, "मग एका मालतीला सोडून द्यायची?" तू म्हणालीस, "सोडून नाही गं. दम धर." तुझं हे "दम धर" म्हणजे ना! गिरणेला पूर आलेला असताना काठावर उभं राहून दम धर सांगणारी तू.

दसऱ्याला मी तुला शेवटची भेटले. सोनं द्यायला आले आणि दारातच विचारलं, यंदा मालतीला बोलावणार आहेस की नाही, एका शब्दात सांग. तू आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवलीस, हसलीस आणि म्हणालीस, "बघू."

बघू! तुझं "बघू" मला वीस वर्षांच्या ओळखीत चांगलंच ठाऊक होतं. चहासुद्धा न घेता मी निघाले. तू फाटकापर्यंत आलीस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, आणि मी वळले नाही असं नाही, वळले, पण तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली आणि तू गेलीस. काय बोलणार होतीस? गेले कित्येक दिवस मी हे वाक्य पुरं करून बघतेय. कोणतंच बसत नाही.

आता मी तुझ्या दारावर, दुखवट्याला, आले तेव्हा काय झालं ते ऐक. घर तुझं, पण बघायला तू कुठं होतीस.

मी पोचले तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या. आणि त्यांत आपल्या सगळ्या होत्या. जळगावच्या, पाचोऱ्याच्या, अमळनेरची ती जाडी सुद्धा, जिला एरवी माहेरीही सोडत नाहीत. कोणालाही परवानगी मागावी लागली नव्हती. मयताच्या दारावर जायला कोणती सासू नाही म्हणते? आणि ओसरीच्या खांबाला टेकून, पांढऱ्या लुगड्यात, मालती. इथं तिला कोणी अडवणार नव्हतं. कुमुद, ज्यासाठी आपण इतकी वर्षं डोकं फोडत होतो, ते तू मरून एका दिवसात केलंस. असला उपाय मी मागितला नव्हता.

मला बघितल्याबरोबर मालतीला हुंदका आवरला नाही. "शकू, आपली कुमुद गेली गं!" मग सगळ्याच तुझं नाव घेऊन रडायला लागल्या. कुमुद, कुमुद. जिजी मध्ये बसल्या होत्या, त्यांनी पदर खाली केला आणि एकेकीकडं बघितलं.

"तुम्ही तिन्या कोन लागतस?" त्यांनी विचारलं.

दारावर आलेल्याला नातं सांगावंच लागतं. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एरवी त्या संक्रांतीच्या सवाष्णी होत्या, वाण घेऊन जाणाऱ्या. पण आज कुंकवाचा दिवस नव्हता, आणि मालती तर कोणत्याच दिवसाची नव्हती. मालतीच बोलली. पदर सावरून, वर्गात उत्तर द्यायला उभी राहायची तशी. "कॉलेजातल्या. आम्ही बठ्ठ्या तिच्या कॉलेजातल्या."

"आनि हाई कुमुद कोन शे?"

"तीच जिजी," मी म्हणाले. "तुमची पार्वती. हे तिचं माहेरचं नाव."

जिजींनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "इतला साल घरमां व्हती. माले कधी सांगं नही." आणि त्यांनी ते नाव दोन-तीनदा पुटपुटून बघितलं, नवीन पदार्थाची चव घ्यावी तसं.

आम्ही निघायला लागलो तेव्हा त्यांनी मला मागच्या दारानं नेलं. विहिरीपलीकडं तुमचं पाटाच्या पाण्यावरचं शेत. कपाशी वेचून झालेली, आणि बांधाला लागून दोन वाफे वांग्यांचे. भरताची वांगी, हिरवी-पांढरी, एकेक हातभर मोठं. जिजी म्हणाल्या, "तिनी लायेल शेतस. सावनमां. म्हने, मार्गेसरमां मन्या मैतरनी येतीन, शेतमां भरीत करसूत. कुकूनं काम नही म्हने." आणि मग, माझ्याकडं न बघता, "माले म्हने, जिजी, तुम्ही बी पंगतमां बसा."

मी वाफ्यात उतरून एक रोप हातानं चाचपून बघितलं.

श्रावणात! मार्गशीर्षात कुंकवाशिवाय जमायचं, हे तू श्रावणातच ठरवून मोकळी झाली होतीस. रोपं लावली होतीस, पाणी घालत होतीस. आणि दसऱ्याला मला "बघू" म्हणालीस! होय म्हणायला काय झालं होतं गं? एक शब्द. मी चहा घेऊन गेले असते. तुझ्याजवळ बसले असते. की तुला माझी फजिती बघायची होती, शेतात नेऊन वांग्यांपुढं उभं करून? तसंच असणार. मला ओळखून आहेस तू, आधी सांगितलं असतंस तर त्यातही मी काहीतरी खोट काढली असती. वांग्यांना काय बोलणार?

आणि दुसरंही एक. मी मालतीसाठी भांडत होते, मोठ्या तत्त्वानं. पण दर संक्रांतीला पुडी नाकाशी धरून मागच्या पडवीत निघून जाणारी ती बिनकुंकवाच्या कपाळाची म्हातारी कुठं जाते, का जाते, हे मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. तुला वाटलं होतं. तुझ्याकडे तत्त्व नव्हतं असं मी समजत होते. तू ते वाफ्यात लावत होतीस.

मी जिजींना म्हटलं, आता कसलं भरीत, जिजी. त्या म्हणाल्या, "वांगा काय वाट देखतस? जून व्हई जातीन."

तेव्हा काल आम्ही जमलो. तुझे दिवस पार पडल्यानंतरच्या रविवारी. घरी काय सांगून आल्या, मी प्रत्येकीला विचारलं. बहुतेकींनी सांगितलं, भरताला जाते. थंडीत भरताला जाते म्हटलं की खानदेशात कोण अडवतं, हे तुझं गणित बरोबर निघालं. अमळनेरच्या जाडीनं मात्र सासऱ्यांना तोंडावर सांगितलं, आमच्या कॉलेजच्या मुलींचं संमेलन आहे. ते म्हणाले, मग येताना मलाही थोडं भरीत आण. आपल्या दोघींचं गणित बरोबर निघालं, कुमुद. हे कसं मिटवायचं?

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवून जिजींनी स्वतः वांगी भाजायला घेतली. मिरच्या, लसूण, कांद्याची पात मालतीनं चिरली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी कोणी-कोणी घरून बांधून आणल्या होत्या. धूर डोळ्यांत जात होता, त्याचं बरं झालं. मग कोणीतरी म्हणालं, हजेरी. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, टपाल हापीस म्हणून. मी मान हलवली. मालतीला सांगितलं, तू घे.

ती उभी राहिली. हातात कांद्याची पात तशीच. खोलीच्या क्रमानं नावं घेत गेली, एकही चुकली नाही. हजर, हजर. स्वतःचं नाव तिनं स्वतःच घेतलं आणि स्वतःच हजर म्हणाली, आणि कोणी गाळलं नाही. मग आपली खोली आली. "कुमुद."

 मालती थांबली. काड्या फुटत होत्या. किती वेळ तशा उभ्या होतो कोण जाणे, सगळ्या खाली बघत, कोणालाच पुढं जाववेना. मला वाटलं, इथंच संपणार हे, तुझ्या नावापाशी, आणि पुढच्या मार्गशीर्षात कोणी येणार नाही.

जिजी जाळापुढं उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी वांगं उलटवलं, हात पोळला म्हणून झटकला आणि मागं न बघता ओरडल्या, "पुढलं नाव ले वं माय! वांगा जळी राह्यनात!"

मालती हसली, रडता रडता. पुढलं नाव माझं होतं. आपल्या खोलीत तुझ्यानंतर नेहमी माझंच यायचं.

मी हजर म्हणाले, कुमुद. इतक्या मोठ्यानं म्हणाले की बांधावरचे बगळे उडाले. बिया जिजींनी राखून ठेवल्यात. श्रावणात लावायला मी येणार आहे, आणि तेव्हा या "बघू"चा हिशेब मी तुझ्याकडून पुरता घेणार आहे.